जाते म्हणू नये

सेवा हा माझा प्रांत नाही. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीत गेली. लोक बाहेरून भांडायचे, मी आतून भांडायचे, आणि संध्याकाळी सगळे मोकळ्या मनाने आपापल्या घरी. निवृत्त झाले आणि भांडायला कोणी उरलं नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. मग मी दूधवाल्याशी भांडायला लागले, खालच्या मजल्यावरच्यांशी भांडायला लागले, शेवटी शेवटी तर लिफ्टशी. तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, कुठेतरी जाऊन लोकांच्या उपयोगी पड. नाहीतर लोकच तुला उचलून कुठेतरी नेऊन टाकतील."

संस्थाही तिनेच शोधली. वृद्धाश्रमातल्या एकट्या माणसांना सोबत देणारी. आठवड्यातली एक दुपार एका म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसायचं, एवढंच काम. संस्था चालवणाऱ्या बाईंचं नाव मी पहिल्याच बैठकीत मनातल्या मनात टाळ्याबाई ठेवलं, कारण त्या कशालाही टाळ्या वाजवायच्या. मी माझी ओळख सांगितली, टाळ्या. मला दुपारी वेळ असतो म्हटलं, टाळ्या. "घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचं आयुष्य बदलतं बरं का!" असं म्हणून त्यांनी परत वाजवल्या. माझं आता काय बदलायचं राहिलंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी जाऊन तरी काय करणार होते?

वृद्धाश्रम हमरस्त्याला लागून होता. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ट्रकच ट्रक. माझ्या वाट्याला जे गृहस्थ आले ते आयुष्यभर शिलाई करत आलेले. टेलरमास्तर, पण सगळे नुसतं मास्तर म्हणायचे. एका पुतण्याने त्यांना आणून सोडलं होतं आणि तो जो गेला तो परत फिरकला नव्हता. मास्तरांच्या डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलं होतं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, जेवलो की नाही, काही सांगता यायचं नाही. बोलणंही जवळजवळ बंद. तोंडावर चादर ओढून पडून राहायचे. मी त्यांना पेपर वाचून दाखवला, त्यांनी कूस बदलली. टाळ्याबाईंनी गाणी म्हणा असं सुचवलं होतं. पण माझा आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरचेही उठून गेले असते, म्हणून ते राहू दिलं.

एका दुपारी अशीच बसले होते. माझ्या बाहीचं बटण लोंबत होतं. चादरीतून एक हात बाहेर आला, त्याने ते बटण दोन बोटांत धरलं, आणि चादरीतूनच आवाज आला, "हे कोणी लावलंय?"

"मीच," मी म्हणाले.

"तरीच."

मास्तर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. अपमान होऊन मला एवढा आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

पुढच्या खेपेला मी सुईदोरा घेऊन गेले, तर दारातच मावशी आडवी आली. मावशी म्हणजे तिथली आया. कंबरेला चाव्यांचा जुडगा, आणि सगळा मजला तिच्या एकटीच्या अंगावर. "ताई, सुई आत नाही चालायची. कोणाच्या पोटात गेली तर माझी नोकरी जाईल." मी भांडले. खिडकीतला अनुभव असा वाया जात नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की सुई मी आणायची, मीच परत न्यायची आणि निघताना मावशीला दाखवून जायची.

सुई झाली, पण बटणं कुठून आणू? माझ्या कपड्यांचं एक बटण लावून झालं आणि काम संपलं. तेव्हा मी नवऱ्याचं कपाट उघडलं. ते गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. आत सगळे शर्ट जागच्या जागी, आणि सगळ्यांची बटणं शाबूत. मग मी कात्री घेतली आणि तोडली. चांगल्या शर्टांची चांगली बटणं घरी बसून कापायची आणि ती लावून घ्यायला मास्तरांकडे न्यायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलीच गत. मास्तरांनी लावलेली बटणं पुढच्या आठवड्यात मी पुन्हा कापायचे. त्यांना तो शर्ट दर वेळी नवाच असायचा.

पण लावायचे कसे! सुईत दोरा पहिल्या फटक्यात. टाके घालून झाले की बटणाखाली दोरा गुंडाळून त्याला छोटासा देठ करायचे. "देठ हवा," म्हणायचे, "नाहीतर कापड आवळतं." हळूहळू बोलायलाही लागले. शर्टाची कॉलर चाचपून विचारायचे, "साहेबांचे का?"

"हो."

"साहेब कसे आहेत?"

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं, की ते गेले. मास्तरांच्या हातातली सुई थांबली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, साहेब कसे आहेत? मी पुन्हा सांगितलं, त्यांना पुन्हा तेवढंच वाईट वाटलं. त्यानंतर मात्र मी 'बरे आहेत' म्हणायला लागले. आणि खरं सांगते, आठवड्यातून एक दुपार ते खरंच बरे असायचे.

निघताना मी म्हणायचे, "येते हं, मास्तर."

"या," ते म्हणायचे.

काही महिन्यांत मास्तर पार बदलले. रोज दाढी करून घ्यायला लागले, टोपी मागून घ्यायला लागले, जेवायला बाकीच्यांत बसायला लागले. टाळ्याबाईंचा फोन आला. "अहो, ते रोज दाराजवळच्या खुर्चीत तयार होऊन बसतात म्हणे! तुमची वाट बघतात!" फोनवरही त्यांनी टाळ्या वाजवल्या, मला ऐकू आल्या. वार्षिक कार्यक्रमात मी बोलायचं असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. विषय, सेवेने माझं आयुष्य कसं बदललं.

एरवी मी फिस्कारले असते. पण माझी वाट बघतात, हे शब्द माझ्या कानात बसले. आमचे हे एका सकाळी "येतो गं" म्हणून कामावर गेले आणि दुपारी कामाच्या ठिकाणाहून फोन आला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या येण्याच्या वेळी माझा हात चहाच्या भांड्याकडे जायचा आणि कान दाराच्या कडीकडे. येतो म्हणालेला माणूस येणारच, असं आतून कुठेतरी वाटत राहतं. वाट बघणं मला चांगलं ठाऊक होतं. माझी वाट कोणी बघावी, हे मात्र नवीन होतं. त्या आठवड्यात मी लिफ्टशीसुद्धा भांडले नाही.

मास्तरांच्या बोटांच्या टोकांना अधूनमधून चिंध्या बांधलेल्या असायच्या. मला वाटलं सुई टोचत असेल, नजर कमी झाली असेल. म्हणून मी त्यांना अंगुस्तान नेऊन दिलं. ते त्यांनी कौतुकाने बोटात घालून पाहिलं.

कार्यक्रमात दाखवायला मास्तरांनी बटणं लावलेला एखादा शर्ट हवा, असं टाळ्याबाईंचं म्हणणं पडलं. एक शर्ट मी त्यांच्या उशाशीच विसरून आले होते. तो आणायला मी माझा वार नसताना गेले.

मास्तर दाराजवळच्या खुर्चीत होते. दाढी केलेली, टोपी घातलेली, पायात बूट. आणि पोटावरून खुर्चीच्या पाठीमागे गेलेला रुंद कॅनव्हासचा पट्टा. गाठ मागे, हात पोचणार नाही अशी. मास्तर मान खाली घालून त्या पट्ट्याची काठाची शिवण नखांनी उसवत होते. बोटांची टोकं सोलवटली होती.

"आलात?" मला बघून ते म्हणाले. "थांबा हं जरा. एवढं उसवलं की निघालोच. कोणीतरी फार पक्कं शिवलंय हो."

मी मावशीवर अशी तुटून पडले की सगळा मजला गोळा झाला. माणूस आहे की जनावर, लाज नाही वाटत, मी वर तक्रार करीन, जे जे म्हणून मी जन्मभर ऐकून घेतलं होतं ते सगळं तिला ऐकवलं. ती चाव्यांवर हात ठेवून उभी राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता माझं ऐका. तुम्ही काय म्हणून जाता?"

"काय म्हणून म्हणजे?"

"येते म्हणून जाता. सगळे म्हणतात तसं. पण त्यांना ते तसं कळत नाही ताई. येते म्हणाल्या म्हणजे येताहेत, आत्ता, वाटेत आहेत. तुमची पाठ वळली की हे टोपी मागतात. मग दारात. मग फाटकात. दोनदा रस्त्यावर गेले. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज दिसताहेत. मी अंघोळी घालू, जेवण भरवू, की दार धरून उभी राहू? इथे दुसऱ्या कोणाला बांधावं लागत नाही. त्यांना कोणी येते म्हणणारंच नाही."

मी खाली बसले आणि पट्ट्याची गाठ सोडली. मास्तर उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "चला, दाखवा. कुठलं बटण?"

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. आज नाही, पुढच्या आठवड्यात, असं नीट समजावून सांगितलं. पुढचा आठवडा त्यांच्या डोक्यात शिल्लकच नव्हता. काही न बोलता हळूच सटकून पाहिलं. मावशी म्हणाली, उलट अंधार पडेपर्यंत हाका मारत होते. रोज जाऊन पाहिलं. रोज गेले तर रोज बांधायची वेळ आली, कारण मी निघाले की वाट सुरू. घरीच घेऊन यावं असंही मनात आलं. पण मी त्यांची कोण? नात्याला नाव नसलं की कुठलीच खिडकी उघडत नाही, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार. पुतण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बांधतात ना? मग बरंय. पडणार तरी नाहीत."

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू जायचंच बंद कर ना मग."

"आणि ते?"

"ते विसरतील," ती म्हणाली. "चल, ठेवते." फोनवर एक बरं असतं, येतेही नाही आणि जातेही नाही, नुसतं ठेवते.

शेवटी मावशीच म्हणाली, अगदी हळू, तिला स्वतःलाच ते बोलणं आवडत नसल्यासारखी. "ताई, तुम्ही एकदा जाते म्हणून बघा. हे जुन्या वळणाचे आहेत. त्यांना ते कळेल."

मला ते कळलं होतं. पण जीभ वळेना. लहानपणी चुकून कधी 'जाते' म्हणाले तर आई मला उंबऱ्यातून परत आत घ्यायची. खाली बस, पाणी पी, येते म्हण, आणि मग जा. शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण तो शब्द घरात मागे ठेवून जायचं नाही. मी तो आजवर कुठेच ठेवला नव्हता. त्या आठवड्यात गेले आणि 'येते' म्हणूनच परत आले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पट्टा आवळल्याचा आला. मी कान झाकून जिना उतरले.

पण पुढच्या खेपेला मास्तरांच्या एका बोटाचं नखच निघालेलं दिसलं. त्या बोटाने त्यांना सुई धरता येईना. दोरा ओवताना पहिल्यांदाच त्यांचा हात चुकला, आणि ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. ते हसणं मला सोसलं नाही.

शर्टाची सगळी बटणं लावून झाली. मी सुई घेतली. उभी राहिले.

"मास्तर, जाते मी."

त्यांनी वर पाहिलं. "जाते?"

"हो," मी म्हणाले. "जाते."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो शर्ट मांडीवर पसरला, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली, दुकानात घालतात तशी घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला दिला. 'या' म्हणाले नाहीत. टोपी काढून उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मावशी पट्टा घेऊन दारात आली होती. तिने तो परत नेऊन खिळ्याला अडकवला.

पट्टा पुन्हा काही लागला नाही. टाळ्याबाईंना ते कळायला वेळ लागला नाही. कार्यक्रमात त्यांनी माझी ओळखच तशी करून दिली, की यांच्या सेवेमुळे एका आजोबांचा पट्टा सुटला. सभागृह भरलेलं होतं. टेबलावर ह्यांचा शर्ट मांडला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मी काय बोलले ते आठवत नाही, फार वेळ बोलले नाही एवढं नक्की. टाळ्या मात्र पुष्कळ पडल्या. एक मुलगी डोळे पुसत जवळ आली आणि म्हणाली, मला पण नाव नोंदवायचंय. मी तिला म्हणाले, "नोंदव. पण निघताना काय बोलतेस ते जपून बोल." तिला वाटलं, मी काहीतरी मोठं बोलले. तिने मला वाकून नमस्कार केला.

मी बरेच आठवडे मुद्दामच गेले नाही. सवय पुरती मोडू दे म्हटलं. त्यांची मोडली असेल, माझी मोडली नाही. ठरलेल्या दुपारी मी घरी बसून बटणं कापत राहिले. शेवटी राहवेना. एक शर्ट पिशवीत टाकला, सुईत दोरा घरूनच ओवून घेतला आणि गेले.

दाराजवळची खुर्ची रिकामी होती. मास्तर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. मावशी म्हणाली, आता त्रास काहीच नाही, जेवणाचंच तेवढं बघावं लागतं.

"आले बरं का, मास्तर."

"कोण?"

"मी. बटणांची बाई."

परक्या माणसाकडे अदबीने बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या गेल्या," ते म्हणाले.

"कोण गेल्या?"

"शर्ट आणायच्या त्या. साहेबांचे. फार चांगल्या होत्या. टाका मात्र अगदीच वाईट."

"अहो, मीच ती."

त्यांनी मान हलवली, लहान मुलाची समजूत घालतात तशी. "नाही हो. मला सांगून गेल्या ना."

मी पिशवीतून शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कॉलर चाचपली. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी शर्ट परत माझ्या मांडीवर ठेवला.

"साहेबांना आता कोण आहे?" ते म्हणाले. "एकटे पडले असतील बिचारे."

'बरे आहेत' हे या वेळी म्हणवेना. जगात माझी वाट बघणारं एकच माणूस उरलं होतं, आणि मी मेले असं त्याला मीच सांगून ठेवलं होतं. आता माझ्याच समोर बसून ते माझं सुतक धरत होतं, आणि मला त्याचं सांत्वनही करता येत नव्हतं. मी तशीच बसून राहिले. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं. मावशी भांडी गोळा करून गेली.

मग मी उठले. काय म्हणायचं ते आता ठरलेलंच होतं.

"बरंय मास्तर. जाते."

"अहं!" मास्तर एकदम ताठ बसले. त्यांचा एवढा करारी आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जाते म्हणू नये बाई. येते म्हणावं. त्या जाते म्हणाल्या, आणि बघा, गेल्याच."

मी खाटेचा लोखंडी बार धरला.

"येते," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले, आणि आडवे होऊन त्यांनी चादर तोंडावर ओढली.

मी दाराशी थांबले. उगाचच थांबले. मागे कोणी टोपी मागितली नाही, खुर्ची सरकली नाही. मावशीने नेहमीसारखा हात पुढे केला. मी तिला सुई दाखवली, दोरा ओवलेला तसाच होता, आणि जिना उतरून खाली आले.